सात नंबरचा मठ्ठ टेस्टर

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारी माणसं नोंदी ठेवतात, आणि मी आता मोठं काम करणार आहे. इतकी वर्षं फळं जुळवायचे गेम बनवले. तीन संत्री एका ओळीत आली की फुटतात, बास. आमची आई अजून लोकांना सांगते की मुलगा फळांच्या लाइनमध्ये आहे.

नवा गेम: दुष्काळ. खराखुरा, इतिहासातला, ज्यात गावंच्या गावं रिकामी झाली तो. शाळेच्या पुस्तकात त्यावर दोन ओळी होत्या, त्याही परीक्षेला नव्हत्या. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, दुष्काळात मजा काय? मी म्हणालो, मजा नाही साहेब, वेदना. ते म्हणाले, वेदना चालेल, पण साध्या फोनवर चालली पाहिजे.

एप्रिलअखेर गेम बाजारात आणणाऱ्या पब्लिशरची माणसं डेमो बघायला येणार. आवडला तर पडद्यावर माझं नाव, एकट्याचं. नाही आवडला तर परत संत्री.

संकल्प: भूक आतून समजून घ्यायची. उद्या दिवसभर काही खायचं नाही. फक्त पाणी.

४ मार्च, सकाळ

उपाशी. डोकं हलकं आणि विचार स्वच्छ. बायको म्हणाली, राहायचं तर राहा उपाशी, फक्त आमच्यावर खेकसू नकोस. कलावंताच्या घरात अशी माणसं असायचीच.

४ मार्च, जरा वेळाने

ऑफिसात आर्टवालीचा वाढदिवस निघाला. केक. नाही म्हणणं फार उद्धट दिसलं असतं. दोन तुकडे खाल्ले, कारण एकच खाल्ला तर लोक कारण विचारतात. भुकेचा आवश्यक तेवढा अनुभव आलेला आहे. अभ्यासाचा हा भाग संपला.

७ मार्च

गेमची रचना ठरली. एक घर. आई आणि मुलगी. रोज संध्याकाळी चुलीवर एक भांडं, त्यात असेल तेवढं. कुणाच्या वाटीत किती ओतायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. सरकारी धान्याची गाडी येईपर्यंत तग धरला की जिंकलात.

आमच्या प्रोग्रामरला दाखवलं. ह्याला आम्ही मख्ख म्हणतो, कारण पगारवाढ होवो की आग लागो, त्याचा चेहरा तोच. म्हणाला, दोघीच आहेत तर अर्धं-अर्धं करायचं, ह्यात खेळायचं काय? मी म्हणालो, तुला वेदना कळत नाही. तो म्हणाला, नसेल कळत, पण गणित कळतं.

घरी येऊन विचार केला. मख्ख बरोबर बोलतोय. उद्या मी स्वतःच्या डोक्याने त्याच निष्कर्षाला येणार आहे.

१० मार्च

काखेत कळसा आणि मी गावभर फिरतोय! सासूबाई! गेल्या वर्षापासून आमच्याकडेच राहतात आणि त्या दुष्काळात त्या लहान मुलगी होत्या. मी मात्र लायब्ररीत धूळ खातोय.

बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं. म्हणाली, आई त्यावर कधी बोलत नाही, पोटच्या पोरीशीसुद्धा नाही, तू विचारायचं नाहीस. मी म्हणालो, विचारणार नाही, फक्त मुलाखत घेणार. बायको म्हणाली, ती अजून सगळ्यांची पानं झाल्याशिवाय जेवायला बसत नाही, शेवटचा घास कधी उचलत नाही, ते का हे मी आजवर विचारलेलं नाही, कळलं? मी म्हणालो, मग विचारायला नको होतं का कुणीतरी? ती आत निघून गेली.

१२ मार्च, दुपार

बायको बाहेर गेली होती. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मीही चार शेंगा सोलल्या, म्हणजे वातावरण तयार होतं. फोन रेकॉर्डिंगवर ठेवून टोपलीआड सरकवला.

गेमबद्दल सांगितलं आणि त्या दुष्काळाचं विचारलं. मग एकदम बोलल्या, आणि मटार सोलणं न थांबवता सगळं सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता. नुकता चालायला लागलेला. पायाचा अंगठा मुठीत धरून बसायचा. वडील कामाच्या शोधात गेले ते गेलेच. आई, ह्या आणि तो. आई तिघांच्या वाट्या भरायची, आणि त्याला झोप लागली की त्याच्या वाटीतलं ह्यांच्या वाटीत ओतायची. म्हणायची, गप खा. ह्या खायच्या. सासूबाई म्हणाल्या, मला कळत होतं रे, तेवढी मोठी होते मी, तरी खायचे. गाडी आली तेव्हा तो नव्हता.

माझ्या अंगावर काटा आला. वाटीतून वाटीत ओतणे! काय मेकॅनिक, काय खेळायची चाल आहे! मख्खाचं गणित एका झटक्यात सुटलं. तिसरं तोंड हवं होतं, तिसरं तोंड मिळालं.

शेवटी त्या म्हणाल्या, तुझ्या खेळात वाट्या घाल, चूल घाल, मलासुद्धा घाल, पण त्याला नको घालूस, त्याला मेलेला परत नको मारूस. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला. डोळ्यात पाणी होतं माझ्या. मी फार हळवा आहे, हे लोकांना दिसत नाही.

१४ मार्च

गेममध्ये धाकटा भाऊ घातला.

नीट विचार करून घातला. दिलेला शब्द ‘त्याला’ न घालण्याबद्दल होता. आमचा मुलगा कुरळ्या केसांचा आहे. सासूबाईंच्या भावाचे केस सरळ होते, मी जाता जाता विचारून घेतलं. म्हणजे हा वेगळा मुलगा. अंगठा धरून बसणं ठेवलं आहे, पण ते कुठलंही मूल करतं.

बायकोला सांगायची गरज वाटत नाही. तिच्या नाकाला उगाच मिरच्या झोंबतील.

२१ मार्च

आर्टवालीशी दोन तास वाद. बरगड्या किती दिसल्या पाहिजेत? ती म्हणते, पोरगं आहे, बघवत नाही, कमी करू. मी म्हणतो, इतिहास आहे, इतिहासाशी बेइमानी नको. शेवटी मख्खाने बरगड्यांची पट्टी करून दिली, सरकवली की कमी-जास्त. साहेबांनी येऊन मधोमध ठेवली. म्हणाले, लोक जेवताना पण फोन बघतात.

आणखी एक. घरातलं कुणी मेलं की बाकीच्यांचा वाटा आपोआप वाढतो, आणि वाटा वाढला की ‘टिंग’ वाजतं. फळांच्या गेममधला आवाज तसाच राहिलाय. आर्टवाली ऐकून उठून गेली. मी मख्खाला काढायला सांगणार होतो, पण खरं सांगायचं तर तो आवाज गोड आहे.

२९ मार्च

टेस्टिंग सुरू. सगळ्या टॅबलेटवर गेम टाकून ओळखीपाळखीत वाटले. माझं धोरण: टेस्टर निनावी. आम्हाला फक्त नंबर दिसतो, कोणता टॅब कुणाकडे हे आम्हीही बघायचं नाही. खेळणाऱ्याच्या खाजगीपणाला मी फार मान देतो.

एक टॅब घरी आणला, बायकोसाठी. तिने गेम उघडला, मुलगा बघितला, माझ्याकडे बघितलं. मी केसांबद्दल समजावून सांगितलं. ती इतकंच म्हणाली की आईने हे बघितलं तर मी तुला ह्या घरात ठेवणार नाही. टॅब कपाटात चादरींच्या मागे ठेवला. बायकोला म्हणालो, सवड मिळेल तसं टेस्टिंग कर, तुझं मत मला मोलाचं आहे.

३ एप्रिल

निकाल यायला लागले. लोक हुशार आहेत. जवळजवळ प्रत्येक टेस्टर गेममधल्या पहिल्याच आठवड्यात धाकट्याची वाटी बंद करतो. पोरगा जातो, टिंग वाजतं, आई आणि मुलगी गाडी येईपर्यंत मजेत जगतात. एकाने शेरा लिहिलाय: लहान्याला लवकर सोडा, मग गेम एकदम सोपा.

हे मला अजिबात मान्य नाही. माणुसकी आहे की नाही? गेम वीस मिनिटांत संपतोय!

उपाय: धाकटा हसला की आशेचे गुण मिळतील. आता लोक त्याला जगवतील.

८ एप्रिल

जगवतात. गुण भरले की सोडतात.

साहेब खूश. म्हणाले, आता खेळायचा वेळ दुप्पट झालाय, पोराने काम केलं.

फक्त सात नंबरचा टेस्टर बिनडोक निघाला. हा इसम मुलीला काही देतच नाही. मुलीची वाटी उचलतो आणि धाकट्याच्या वाटीत ओततो. रोज. पाणी आणणं, लाकडं आणणं मुलीकडे आहे, त्यामुळे मुलगी गेली की आई कोसळते, आई गेली की भांडं उचलायला कुणी नाही. तुम्ही हरलात! परत सुरू करतो, परत तेच. ऑफिसात सगळे लोळले हसून. मी त्याचं नाव ठेवलं मठ्ठ. आता मख्ख आणि मठ्ठ अशी जोडी झाली.

मख्ख हसला नाही. म्हणाला, हरण्यातही त्याची काहीतरी पद्धत आहे.

११ एप्रिल

घरात आनंदी वातावरण. सासूबाईंमध्ये मोठा फरक. दुपारी खोलीचं दार लावून पडतात आणि बाहेर येतात त्या तरतरीत. काल काहीतरी गुणगुणत होत्या. आज तर आमच्याबरोबर जेवायला बसल्या, आणि भांड्यात थोडं उरलं होतं ते विचारून वाढून घेतलं. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली, मग तोंड फिरवून डोळे पुसले.

कारण उघड आहे. इतक्या वर्षांचं साचलेलं मी त्या दिवशी मोकळं केलं. डॉक्टर ह्याचे पैसे घेतात. बायकोला हे बोलून दाखवलं. म्हणाली, हो, तुझ्याचमुळे, पण तुला वाटतं तसं नाही. आभार मानायची तिची पद्धत जरा आडवळणाची आहे.

तिला टेस्टिंगचं विचारलं. म्हणाली, चालू आहे, रोज चालू आहे, तू त्यात लक्ष घालू नकोस. एवढा रस घेईल असं वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल

संकट.

मख्खाने बोलावून पडदा दाखवला. मठ्ठ गाडीपर्यंत पोचला! मुलगी गेली, पण त्याआधी तिच्याकडून लाकडं, पाणी सगळं भरून घेतलं. आईने स्वतःचं पोट मारून धाकट्यापुरतं मागे ठेवलं. आई अगदी शेवटी गेली. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि दारात धाकटा एकटा, जिवंत.

हे आम्ही कल्पलंच नव्हतं. त्यामुळे गेमला शेवटच नाही. जिंकलात येत नाही, हरलात येत नाही. गाडी उभी आहे आणि पोरगा अंगठा धरून बसलाय. बस्स. बाहेर पडायचं तर आपणच बंद करायचं. आणि मठ्ठ बंद करत नाही! काल दुपारभर तसंच चालू. परवाही. रोज तोच रस्ता काढतो, त्या जागी पोचतो आणि बघत बसतो. बॅटरी संपेपर्यंत.

मी कपाळाला हात लावला. पब्लिशरसमोर असा हँग झाला तर?

मख्ख म्हणाला, राहू दे की, एकालाच सापडलंय. मी म्हणालो, एका मठ्ठासाठी मी माझा गेम अर्धवट ठेवू?

१६ एप्रिल

तोडगा सापडला, आणि तो इतका सुंदर आहे की मलाच भरून आलं. धाकटा गाडी येण्याच्या आदल्या दिवशी जाणारच. काहीही करा. आईच्या मांडीवर, हळूहळू, दिवा मंद होत जातो आणि मागे कुणीतरी गुणगुणतंय. बघणारा रडलाच पाहिजे.

मख्ख म्हणाला, वाटीत कितीही ओतलं तरी? मी म्हणालो, कितीही. तो म्हणाला, आणि आई आधीच गेली असेल तर? मी म्हणालो, मग एकटा जाईल, दिवा तेवढा मंद कर. तो म्हणाला, मग वाट्या कशाला ठेवायच्या? मी त्याला सांगितलं की इतिहासात असंच झालं होतं, माझ्याकडे साक्षीदार आहे.

आज पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. काय ते कळलं नाही.

२२ एप्रिल

मांडीवरच्या प्रसंगासाठी गुणगुणणं हवं होतं. बाहेरून गाणारी आणायची तर साहेब नाही म्हणतात. सासूबाई हल्ली दुपारी खोलीत गुणगुणतात तेच दाराबाहेर फोन धरून घेतलं. झोपवायचं काहीतरी असावं. मधेच थांबून कुणाशी तरी बोलल्या, बस हं, आता कुठं जायचं नाही. तेवढं कापून टाकलं.

आर्टवालीने ऐकलं आणि विचारलं, ह्या बाईला माहीत आहे ना? मी म्हणालो, घरचीच आहे.

२५ एप्रिल, सकाळ

आज डेमो. नवी आवृत्ती सगळ्या टॅबवर आपोआप गेली. मख्खाला बजावलं, जुन्या सगळ्या पुसून टाक, ऐन वेळी चुकून जुनी उघडायला नको. तो म्हणाला, एक तरी ठेवू, कधी लागली तर? मी म्हणालो, मागे बघणारी माणसं पुढे जात नाहीत. पुसायला लावली, समोर उभं राहून.

संकल्प: कौतुक झाल्यावर नम्र राहणे.

२५ एप्रिल, दुपार

यश! पब्लिशरची बाई रडली. रुमाल काढून रडली! तिच्याबरोबरचा माणूस मुद्दाम खिडकीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला की फळवाल्यांकडून ही अपेक्षा नव्हती. साहेबांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली. पडद्यावर नाव, एकट्याचं, पक्कं. लहान मुलगा कुठून सुचला, असं बाईंनी विचारलं. मी म्हणालो, आतून येतं.

मख्खाने आज अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जळतो, दुसरं काय.

केक घेऊन घरी निघालोय. सासूबाईंना आज खरं सांगून टाकणार. त्यांच्या भावाला मी अमर केलं म्हटल्यावर त्या कशाला रागावतील?

२६ एप्रिल, सकाळ

काल घरी पोचलो तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसल्या होत्या. पुढ्यात टॅब. चादरींमागचा. मागच्या बाजूला आमच्या ऑफिसचं स्टिकर, आणि स्टिकरवर सात.

बायको ओट्याशी उभी होती. तिनेच सांगितलं. चादरी बदलताना आईला टॅब सापडला, पहिल्या दिवशी ती खूप रडली, मग रोज खेळायला लागली, म्हणून मी तुला काही बोलले नाही. आज दुपारपासून आई अशीच बसून आहे.

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर तयार होतं. म्हणाल्या, केस कुरळे केलेस तरी मी ओळखलं रे त्याला. आधी वाटलं, शब्द मोडलास. मग बघितलं की ह्यात माझी वाटी त्याला देता येते. देत गेले. फार दिवस जमलं नाही, मग जमलं. रोज दुपारी गाडी यायची आणि तो बसलेला असायचा.

मग त्यांनी टॅब माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, आज सकाळपासून काय होतंय कळत नाही. सगळं तसंच करतेय, एक दाणा मी खात नाही, तरी तो जातोय. कालपर्यंत जगत होता. माझं काय चुकतंय तेवढं दाखव.

मी बाथरूममध्ये जाऊन मख्खाला फोन केला. म्हणालो, एक तरी जुनी आवृत्ती तू गुपचूप ठेवली असशीलच. म्हणाला, नाही, तू उभा होतास ना समोर. मी म्हणालो, नवी बनव, एकाच टॅबपुरती. म्हणाला, आजपासून ह्या गेमच्या एका अक्षराला हात लावायचा तर पब्लिशरची परवानगी लागते, आणि त्यांना सगळ्यात जास्त तोच प्रसंग आवडलाय. मग विचारलं, कोण आहे सात नंबर? मी म्हणालो, निनावी.

बाहेर आलो. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलेलं होतं. मी बोलावं म्हणून ती थांबली होती.

खरं सांगायचं मनात होतं. पण ह्या वयात त्यांना आवृत्ती, अपडेट हे सगळं समजावणार कसं? उगाच गोंधळ झाला असता. मी टॅब हातात घेऊन थोडा वेळ इकडेतिकडे बोट फिरवलं. म्हणालो, गेम बरोबर चाललाय, ओतताना तुमच्याकडूनच कुठेतरी थोडं राहून जात असेल, पुन्हा एकदा नीट खेळून बघा.

बायकोने गॅस बंद केला आणि ती घराबाहेर गेली.

सासूबाईंनी टॅब माझ्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, हो, माझंच चुकत असेल. बॅटरी संपत आलीये, तेवढा चार्जिंगला लावून दे.

लावून दिला.